एआयने केलेला गावाचा हवामान आराखडा ग्रामसभेने घ्यावा का?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावाच्या सरपंच ताईंचा आहे. एक कंपनी त्यांच्याकडे आली. एआय वापरून गावाचा 'हवामान आराखडा' करून देतो म्हणते. बांध कुठे घालायचा, कोणतं पीक घ्यायचं, अतिवृष्टीत कोणाचं किती नुकसान झालं, सगळं नकाशावर दिसेल. फक्त ग्रामपंचायत विकास आराखड्यात तो जसाच्या तसा घ्या, एवढंच कंपनीचं म्हणणं. ताई विचारतात, आमच्या गावाला याचा खरंच उपयोग आहे का? आणि मशीनच सगळं ठरवणार असेल तर ग्रामसभेत बसून आम्ही काय करायचं?

ताई, उपयोग आहे. पण 'जसाच्या तसा' हे दोन शब्द त्यांनी का वापरले, ते आधी त्यांना विचारा. मी बरीच वर्षं विदर्भात पाणलोट आणि गाव-आराखड्यांच्या कामात आहे. गेल्या काही वर्षांत या यंत्रणा जवळून पाहिल्या, वापरल्याही. मशीन मोजायला आणि सावध करायला चांगलं आहे. ते जे सांगतं तो पुरावा मानायचा आणि पुराव्याची उलटतपासणी करायची. निकाल द्यायचं काम त्याच्याकडे द्यायचं नाही. आता सविस्तर सांगतो.

आधी पावसाच्या अंदाजाचं बोलू, कारण एआयचा सगळ्यात खरा फायदा मला तिथे दिसला. हवामानाची जुनी मॉडेलं भौतिकशास्त्राची गणितं सोडवतात, त्याला अवाढव्य संगणक लागतो. नवी मॉडेलं अनेक दशकांच्या नोंदींवरून शिकलेली असतात, म्हणून ती स्वस्तात आणि पुन्हापुन्हा चालवता येतात. २०२५च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मॉन्सून कधी येणार याचे एसएमएस पाठवले. त्यासाठी गुगलचं न्यूरल जीसीएम आणि युरोपीय हवामान केंद्राचं एआयएफएस ही दोन मॉडेलं वापरली होती. त्या वर्षी काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. मॉन्सून २४ मेलाच केरळात आला, झपाट्याने महाराष्ट्रात शिरला आणि महिनाअखेरीस अडकला तो जवळपास २० दिवस. हा खंड त्या अंदाजांनी पकडला होता.

आपल्याकडे या २० दिवसांची किंमत काय असते, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावून सांगावं लागतं, तुम्हाला नाही. मे महिन्यातल्या पावसाने वावर ओलं झालं, शेजाऱ्याने तिफण जुंपली, की मागे कोण राहतं? मग पाऊस दडी मारतो, अंकुर करपतो आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा कृषी केंद्रात उधारी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा सल्ला आपण वर्षानुवर्षं ऐकतो. पाळला जात नाही, कारण पुढे काय होणार हे कोणीच खात्रीने सांगत नाही. 'पुढचे दोन आठवडे खंड पडण्याची शक्यता मोठी आहे' हे वेळेवर कळलं तर तोच सल्ला पाळावासा वाटतो.

यासाठी कंपनीला पैसे देण्याची मात्र गरज नाही. ऑक्टोबर २०२४ पासून हवामान खातं आणि पंचायती राज मंत्रालय मिळून ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाज देतात. तो ई-ग्रामस्वराजवर आणि 'मेरी पंचायत' ॲपवर फुकट दिसतो. राज्याच्या महाविस्तार ॲपवर मराठीत प्रश्न विचारता येतात. रोज सकाळी हा अंदाज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला एक माणूस नेमा. आणि 'पावसाची शक्यता ६० टक्के' म्हणजे दहापैकी चारदा पाऊस येणार नाही, हे एकदा सभेत नीट समजावून सांगा. नाहीतर पहिला अंदाज हुकला की लोक फळ्याकडे बघणं सोडून देतात.

पाण्याच्या नियोजनाचं वेगळं आहे. इथे एआय म्हणून जे विकलं जातं, त्यात बरंचसं साधं गणित असतं. पडलेला पाऊस, वाहून गेलेला अपधाव, मातीत मुरलेलं, पिकांना लागणारं आणि विहिरीत उरलेलं, याचा ताळेबंद. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने, म्हणजे आपल्या पोकराने, पहिल्या टप्प्यात विदर्भ-मराठवाड्यासह पाच हजारांवर गावांत हे काम केलं. पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत बसवायला आयआयटी मुंबई सोबत होती. तुमचं गाव पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात आहे का, ते तालुका कृषी कार्यालयात जाऊन पाहा. असेल तर कंपनी जे विकतेय त्यातला बराच भाग कपाटात पडलेला सापडेल. तो काढा, धूळ झटका आणि कंपनीच्या आकड्यांशी ताडून बघा. दोघांत फार फरक असेल तर पहिला प्रश्न तिथेच विचारायचा.

उंच-सखल जमीन पाहून पाणी कुठून वाहील, हे उपग्रहाचा नकाशा बरोबर दाखवतो. पण पांदण रस्त्याचं खडीकरण करताना मोरी बुजवली आणि तेव्हापासून पाणी भलत्याच वावरात शिरतं, हे त्याला माहीत नसतं. ई-क्लास, म्हणजे सरकारी पडीक जमिनीवर कोण कसतो, शिवधुऱ्यावरून, म्हणजे शिवेच्या बांधावरून कोणत्या दोन घरांत कोर्टकज्जा चालू आहे, तेही नाही. बंधाऱ्याची जागा तांत्रिकदृष्ट्या उत्तम असूनही काम दहा वर्षं होत नाही, ते अशा कारणांनी. ती कारणं गावाला पाठ असतात.

आता नुकसानीकडे येऊ. इथे जरा थांबावं लागेल, कारण पैशाचा आणि भांडणाचा विषय हाच आहे.

शेतीसाठी सगळ्यात जास्त वापरला जाणारा मोफत उपग्रह म्हणजे युरोपचा सेंटिनेल-२. त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर बाय १० मीटरचा असतो, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एका एकरात असे चाळीसेक ठिपके बसतात. दर पाच दिवसांनी नवं चित्र मिळतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेलं असलं की त्यात ढगच दिसतात. तेव्हा रडारवाला सेंटिनेल-१ कामी येतो. तो ढगांतून पलीकडे पाहतो आणि पाणी कुठे साचलं ते चांगलं सांगतो. या चित्रांवरून एआय मॉडेल पीक ओळखतं, त्याची वाढ मोजतं आणि उत्पादनाचा अंदाज बांधतं. सपाट प्रदेशातल्या एकसलग भात-गव्हाला हे बरं जमतं. आपल्या सोयाबीन-तुरीत घोळ होतो.

एका गावच्या सभेत आम्ही असा नकाशा भिंतीवर लावला होता. नाल्याकाठचा पट्टा त्यात गडद हिरवा, म्हणजे पीक जोमात. मागे बसलेले एक काका उठले, चष्मा वर करून नकाशाजवळ गेले आणि म्हणाले, "हे हिरवं दिसते ते सोयाबीन नाही बाप्पा, तरोटा हाय. सोयाबीन तं पुरात गेलं." सगळे हसले. आमच्यासोबतचा तांत्रिक मुलगा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. पट्टाभर कमरेएवढं तरोट्याचं तण.

तरोटा हा सोपा प्रकार झाला. सततच्या पावसात सोयाबीनचं झाड माजतं, पानं हिरवीगार राहतात आणि शेंगा धरत नाहीत, तेव्हा वरून पाहणाऱ्याला काय दिसणार? हिरवळ. सोयाबीन काढल्यावर ओळीतली तूर उभी असते, तेव्हाही हिरवळच. मॉडेलला हे शिकवता येतं, पण त्यासाठी आपल्या भागातल्या शेतांवरचा प्रत्यक्ष मोजणीचा डेटा लागतो. म्हणून कंपनीला विचारायचं, तुमचं मॉडेल कोणत्या जिल्ह्यातल्या किती शेतांवर तपासलं, आणि किती ठिकाणी ते चुकलं? उत्तरात फक्त '९५ टक्के अचूक' आलं तर समजा की उत्तर मिळालं नाही.

विम्याच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं झालंय. एक रुपयातला पीकविमा संपला. खरीप २०२५ पासून राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून वजन करून निघणाऱ्या उत्पादनावर ठरू लागली. ७२ तासांत तक्रार करून मिळणारी स्थानिक आपत्तीची भरपाई त्या हंगामात गेली. दुसरीकडे केंद्राच्या यस-टेक पद्धतीत, ती ज्या पिकांना लागू आहे तिथे, उपग्रहासारख्या तंत्रज्ञानाने काढलेल्या उत्पादनाला अंतिम आकड्यात किमान ३० टक्के भारांक (वजन) द्यायचा आहे. याला माझा विरोध नाही. कापणी प्रयोगात कोणतं शेत निवडलं आणि वजनकाट्याजवळ कोण कोण उभं होतं, यावरून होणारे वाद मी पाहिलेत. त्या वादांपेक्षा उपग्रह पुष्कळदा निष्पक्ष असतो. पण पंचनाम्यावर सही करणारा माणूस गावात येतो, त्याच्याशी भांडता येतं. मॉडेलशी भांडायचं तर कुठे?

म्हणून गावाचा स्वतःचा पुरावा हवा. अतिवृष्टीचा निकष २४ तासांत ६५ मिलिमीटर, आणि तो मोजला जातो महसूल मंडळाच्या पातळीवर. महावेध प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं राज्यात आहेत, पण एका मंडळात कितीतरी गावं येतात. मंडळाच्या केंद्रावर ५० मिलिमीटर नोंदला जातो आणि दहा-बारा किलोमीटरवरच्या तुमच्या शिवारात धुरे फुटतात, हे दरवर्षीचं रडगाणं आहे. शाळेच्या आवारात एक साधा पर्जन्यमापक बसवा. रोज सकाळी साडेआठला, हवामान खातं मोजतं त्याच वेळी, मोजा आणि वहीत लिहा. वहीवर शिक्षक आणि ग्रामपंचायत अधिकारी यांची सही घ्या. (ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी. पाट्या बदलल्या, रिक्त जागा तशाच.) सरकार ही वही मान्य करेलच असं नाही. पण मॉडेलचा आकडा आणि वहीचा आकडा शेजारी ठेवून निवेदन दिलं, तर कोणाला तरी लेखी उत्तर द्यावं लागतं. ई-पीक पाहणीचंही तसंच. ॲपवर पिकाची नोंद चुकली तर पुढची सगळी गणितं त्या चुकीवर उभी राहतात. पेरणीनंतर गावातल्या दोन-चार पोरांना कामाला लावून वृद्धांच्या आणि एकट्या बायांच्या नोंदी आधी करून घ्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ग्रामसभेचा.

वर्धा-पैनगंगेपलीकडे तेलंगणात काय झालं ते सांगतो. तिथल्या सरकारने 'समग्र वेदिका' नावाची प्रणाली आणली. वेगवेगळ्या खात्यांचा डेटा जोडून, कोणाकडे गाडी आहे, कोणाकडे जमीन आहे हे पाहून ती रेशनच्या पात्रतेची छाननी करी. तिच्यामुळे गरिबांची रेशनकार्डं चुकून रद्द झाल्याचं पुढे आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२२ मध्ये न्यायालयाने रद्द कार्डांची पुन्हा प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगितलं. ज्या बाईचं कार्ड गेलं तिला कार्यालयात काय ऐकावं लागलं असेल, याचा अंदाज मला आहे. आपल्याकडेही ते वाक्य आता सर्रास ऐकू येतं: "सिस्टीममध्येच तसं दाखवतंय." पूर्वी साहेब नाही म्हणायचा, तेव्हा निदान कोण नाही म्हणालं ते कळायचं.

लोकशाहीला एआयपासून असलेला धोका शहरात लोक डीपफेक व्हिडिओत पाहतात. तो खोटा नाही, निवडणुकीच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर काय फिरतं ते तुम्हीही पाहता. पण खेड्यात मला त्याहून मोठी भीती या वाक्याची वाटते. त्यावरचा उपाय कायद्यात आधीपासून आहे. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४. प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला कळवणं हे सार्वजनिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. निर्णय मशीनच्या सल्ल्याने घेतला म्हणून कारण देण्यातून सुटका होत नाही. 'सिस्टीम' हे कारण नव्हे, असा अर्ज लिहायला गावातल्या कोणाला तरी शिकवून ठेवा.

एआय ग्रामसभेच्या बाजूनेही उभा राहू शकतो. पंचायती राज मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये 'सभासार' आणलं, सुरुवात त्रिपुरातून झाली. सभेचं रेकॉर्डिंग दिलं की ते इतिवृत्ताचा मसुदा तयार करतं. भाषेची बाजू सरकारच्याच 'भाषिणी' या भाषांतर-यंत्रणेवर उभी आहे. मला हे आवडलं, कारण आपल्या कागदावरच्या ग्रामसभा सगळ्यांना ठाऊक आहेत. कायद्याने वर्षात किमान चार सभा, गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० यांपैकी कमी असेल ती. ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग चार माणसांत ठराव होतात आणि सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं. रेकॉर्डिंग सक्तीचं झालं तर या कारभाराला थोडा तरी चाप बसेल.

पण सभासारला वऱ्हाडी कितपत समजेल, हे वापरून पाहायला हवं. मागच्या ओटीवर बसलेली बाई पदर तोंडाशी धरून जे बोलते ते माइकपर्यंत पोचत नाही. तुमच्या भागात कोलाम आदिवासींचे पोड (पाडे) आहेत, मेळघाटात कोरकू आहेत. आदिवासी भाषांसाठी २०२५ मध्ये आलेल्या 'आदि वाणी' या भाषांतर ॲपमध्ये सुरुवातीला गोंडी होती, पण कोलामी आणि कोरकू नव्हत्या. जे मशीनला ऐकू आलं नाही ते इतिवृत्तात येणार नाही, आणि इतिवृत्तात नाही ते कायद्याच्या लेखी बोललंच गेलं नाही. तेव्हा मसुदा वापरा, पण लोक उठण्याआधी तो मोठ्याने वाचून दाखवा, दुरुस्त्या घ्या आणि मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवा. महिला सभा आधी घ्यायचीच असते. तिचं इतिवृत्त वेगळं, हाताने लिहिलेलं असू द्या.

'आम्ही काय करायचं' याचं चांगलं उत्तर विदर्भातच आहे, गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखात. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना माहीत असते. त्या गावाच्या अभ्यासगटाबद्दल लोक कमी बोलतात. ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होतो, आणि त्याआधी अभ्यासगटात त्या विषयाची माहिती गोळा करून चर्चा होते. बाहेरचा जाणकारही तिथे येऊन बोलू शकतो. पण अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय सभेचा. सामूहिक वनहक्क मिळवण्यात आणि आपल्या बांबूचा वाहतूक परवाना आपल्या हातात घेण्यात हे गाव पुढे होतं, त्यामागे ही तयारी होती.

एआयची जागा माझ्या मते तिथे आहे, अभ्यासगटात. बाहेरून आलेल्या जाणकारासारखं त्याचं ऐकायचं, खोदून खोदून विचारायचं आणि मग त्याला बाहेर बसवून सभेने ठरवायचं. तुमच्या गावात अभ्यासगट नसेल तर कंपनी आलीच आहे, या निमित्ताने करा. दोन शेतकरी, बचत गटातल्या दोघी, एक शिक्षक, मोबाइल नीट हाताळणारा एखादा पोरगा आणि भूमिहीन मजुरांपैकी कोणीतरी नक्की. मजूर का, तर उन्हाळ्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५च्या वर जातो तेव्हा कामाची वेळ कोणती असावी, हा प्रश्न पीक-नकाशावाल्याला सुचत नाही. आणि हवामानबदल सगळ्यात आधी त्याच माणसाच्या अंगावर येतो.

कंपनीशी बोलताना ठरावात अटी घाला. आराखडा हा सल्ला आहे, त्यात बदल करण्याचा अधिकार ग्रामसभेचा. नकाशामागचा कच्चा डेटा गावाला साध्या फाईलमध्ये मिळाला पाहिजे आणि तो गावाच्या मालकीचा राहील. सातबारा, फार्मर आयडी आणि फोन नंबर यांची एकत्र यादी त्यांना द्यायची नाही, हंगामात बियाणं-खत विकणाऱ्यांचे फोन कुठून येतात ते लोकांनाच विचारा. पहिल्या वर्षी फुकट असेल तर दुसऱ्या वर्षीचं शुल्क आजच लिहून घ्या, कारण पुढे ते वित्त आयोगाच्या निधीतून जाईल आणि तेवढी एखादी नाली कमी होईल. चुकीची माहिती दिसली तर किती दिवसांत दुरुस्त करणार आणि गावाने कोणाला फोन करायचा, हेही लिहून घ्या. नागपूरजवळच्या सातनवरीत ऑगस्ट २०२५ मध्ये 'स्मार्ट आणि इंटेलिजंट गाव' म्हणून बऱ्याच कंपन्यांची यंत्रं एकाच वेळी लागली. तिथे एकदा अभ्यासगटाला घेऊन जा. उद्घाटनाचे फोटो सगळीकडे मिळतात. तुम्ही बंद पडलेलं सेन्सर कोण दुरुस्त करतं ते विचारून या.

कंपनीने अटी मान्य केल्या तर नकाशा मोठ्या फ्लेक्सवर छापून चावडीत आठवडाभर लावा, खाली खडू-मार्कर ठेवा. लोक स्वतःच खुणा करतील. अटी मान्य केल्या नाहीत तरी यंदा तुमचं काही अडत नाही. पोकराचा किंवा कृषी खात्याचा ताळेबंद, पंचायतीचा फुकट अंदाज आणि पावसाची वही एवढ्यावर चांगला आराखडा होतो. पर्जन्यमापक मात्र मे संपायच्या आत बसवून घ्या. उघड्यावर हवा, भिंत किंवा झाड जेवढं उंच त्याच्या दुप्पट तरी लांब. शाळेच्या छपराखाली लावलेले मी पाहिलेत, त्यात पावसाऐवजी पागोळ्या मोजल्या जातात.